कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी आणि पोटातले अवयव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"लिव्हरमध्ये १८ मिमीची गाठ दिसते, पुढील तपासणी करावी." रिपोर्टमधल्या या एका ओळीने माणसाची झोप उडते. सोनोग्राफी बहुतेक वेळा मूतखड्यासाठी किंवा पोट दुखतंय म्हणून केलेली असते आणि निघतं भलतंच. मग कुणी सीटी सांगतं, कुणी एमआरआय, तर कुणी "कॉन्ट्रास्ट घालून सोनोग्राफी करून बघा" म्हणतं. मी ही तपासणी रोज करतो. टेबलावर झोपलेली माणसं आणि दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

साध्या सोनोग्राफीत आणि हिच्यात फरक काय?

साधी सोनोग्राफी अवयवाचा आकार, पोत, त्यातल्या गाठी, खडे, पाणी दाखवते. गाठ भरीव आहे की पाण्याची, हे ती बरंचसं सांगते. भरीव गाठ कशाची आहे, हे सांगताना मात्र ती अडखळते. ते बऱ्याचदा गाठीला रक्त कुठून, किती आणि कोणत्या वेळी पोचतं यावरून ठरतं. डॉपलर हा सोनोग्राफीचाच प्रकार मोठ्या नसांतलं वाहतं रक्त दाखवतो, पण केसाहून बारीक वाहिन्यांतलं संथ रक्त त्याच्या हाती लागत नाही.

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत हाताच्या शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देतात. ते रक्ताबरोबर गाठीपर्यंत जातं आणि पडद्यावर चमकतं. मशीन तेच, पोटावर फिरवायचा प्रोब तोच आणि पोटावर लावायची ती गार जेलही तीच. जादा असतं ते औषध, आणि मशीनमध्ये बुडबुडे ओळखण्याची सोय.

बुडबुडे? शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. घातक ठरतो तो हवेचा मोठा बुडबुडा, कारण तो रक्ताची वाट अडवतो. हे बुडबुडे साधारण २ ते ३ मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी पेशी सुमारे ७ मायक्रॉनची, म्हणजे जिथून तांबडी पेशी जाते तिथून हे आरामात निघून जातात. फुप्फुसाच्या केशवाहिन्याही ते पार करतात. नाहीतर शिरेतून दिलेलं औषध लिव्हरपर्यंत पोचलंच नसतं.

आत हवा नसते. सोनोव्ह्यू या औषधात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा जड वायू असतो आणि त्याभोवती फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. हा वायू रक्तात सहज विरघळत नाही, म्हणून बुडबुडा काही मिनिटं टिकतो. प्रमाण ऐकलंत तर धीर येईल. एक मिलिलिटर औषधातल्या बुडबुड्यांत फक्त ८ मायक्रोलिटर वायू असतो. लिव्हरसाठी नेहमीचा डोस २.४ मिली, त्यात वायू सुमारे १९ मायक्रोलिटर. पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी.

ही कल्पना आजची नाही. १९६८ मध्ये ग्रॅमियाक आणि शाह या दोघांनी हृदयाच्या सोनोग्राफीत इंजेक्शन देताना महाधमनीच्या मुळाशी अचानक प्रतिध्वनी दाटलेले पाहिले. ते होते द्रवाबरोबर आत गेलेले बारीक बुडबुडे. ते टिकाऊ करायला पुढे काही दशकं लागली. सोनोव्ह्यूला युरोपात २००१ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत हेच औषध लुमासन नावाने विकलं जातं आणि लिव्हरच्या गाठींसाठी तिथे ते २०१६ मध्ये मंजूर झालं.

एवढेसे बुडबुडे मशीनला दिसतात कसे?

ध्वनिलहर आदळली की बुडबुडा आकुंचन पावतो, फुगतो, पुन्हा आकुंचन पावतो. फुगणं आणि आकसणं सारखं नसतं, त्यामुळे परत येणाऱ्या आवाजात मूळ लहरीबरोबर दुप्पट वारंवारितेचे सूरही मिसळतात. शरीराच्या मांसातून हे सूर फारसे येत नाहीत. मशीन मांसाचा आवाज गाळून टाकतं आणि फक्त बुडबुड्यांचा ठेवतं. इंजेक्शनच्या आधी त्या पडद्यावर जवळपास काळोख असतो आणि मग त्यात रक्त उजळत जाताना दिसतं.

एक पथ्य पाळावं लागतं. आवाजाची ताकद फार कमी ठेवायची, नाहीतर बुडबुडे फुटतात. कधी कधी आम्ही मुद्दाम ताकद वाढवून एका झटक्यात सगळे फोडतो आणि नवे बुडबुडे कसे शिरतात ते पुन्हा बघतो. पहिल्यांदा काही नजरेतून निसटलं असेल तर ही युक्ती फार उपयोगी पडते.

सीटी किंवा एमआरआयमध्येही कॉन्ट्रास्ट देतातच की. मग हे वेगळं कसं?

दोन गोष्टींत. सीटीचं आयोडीनचं औषध आणि एमआरआयचं नेहमीचं गॅडोलिनियमचं औषध रक्तवाहिनीतून झिरपून आजूबाजूच्या पेशींच्या मधल्या जागेत उतरतं. बुडबुडा वाहिनीच्या भिंतीबाहेर जात नाही. त्यामुळे पडद्यावर जे चमकतं ते रक्तच. काही गाठी सीटीत उशिरापर्यंत उजळ राहतात आणि कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत मात्र लवकर काळवंडतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात.

दुसरं म्हणजे सीटी आणि नेहमीचा एमआरआय ठरावीक क्षणांचे फोटो काढतात, इथे सलग चित्रफीत मिळते. एखादी गाठ इंजेक्शननंतर बाराव्या सेकंदाला पेटून विसाव्या सेकंदाला आजूबाजूसारखी झाली, तर फोटोत ते सुटू शकतं. इथे सुटत नाही, अर्थात बघणाऱ्याचं लक्ष असेल तर.

सीटीसारखा किरणोत्सर्ग नाही, हे बोनस समजा.

लिव्हरमधली गाठ साधी की कॅन्सरची, हे चमकण्यावरून कळतं कसं?

इथे घड्याळ महत्त्वाचं, म्हणून या उत्तराला थोडा वेळ द्या.

लिव्हरला दोन ठिकाणांहून रक्त मिळतं. सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि पाव हिस्सा धमनीतून. धमनीचा रस्ता जवळचा, पोर्टलचा लांबचा. म्हणून इंजेक्शननंतर साधारण १० ते २० सेकंदांनी धमनीची पाळी सुरू होते आणि ३० ते ४५ सेकंदांपर्यंत चालते. मग दोन मिनिटांपर्यंत पोर्टलची पाळी. त्यानंतर उशिराची पाळी, चार ते सहा मिनिटांनी बुडबुडे संपेपर्यंत.

लिव्हरच्या निरोगी पेशी मुख्यतः पोर्टलच्या रक्तावर जगतात. कॅन्सरच्या गाठी धमनीवर पोसल्या जातात आणि पोर्टलशी त्यांचं नातं तुटलेलं असतं. त्यामुळे पुढे लिव्हर उजळ राहतं आणि गाठ काळी पडते. याला वॉशआउट म्हणतात. उशिराच्या पाळीतही लिव्हरइतकीच किंवा जास्त उजळ राहणारी गाठ बहुधा साधी निघते. हा मूळ नियम, अपवाद पुढे येतातच.

हिमॅन्जिओमा ही लिव्हरमध्ये सर्वात जास्त आढळणारी साधी गाठ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. पडद्यावर ती ओळखणं हा आमच्या कामातला आनंदाचा भाग. कडेला आधी चमकते ठिपके उमटतात, पाणी सुटलेल्या पिकल्या फोडासारखे, आणि मग उजेड सावकाश कडेकडून आत भरत जातो. दोन-तीन मिनिटांनी सगळी गाठ उजळते आणि तशीच राहते. एफएनएच नावाच्या दुसऱ्या साध्या गाठीत उलटं घडतं. उजेड मधून बाहेर येतो आणि क्षणभर सायकलच्या आऱ्यांसारखा पसरलेला दिसतो. हा क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. त्या वेळी रुग्ण खोकला तर आऱ्या गेल्या. म्हणूनच आम्ही "हळू श्वास घ्या" असं पुन्हा पुन्हा म्हणत असतो.

दुसरीकडून लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर बहुतेक वेळा कडेला अंगठीसारखा उजळतो आणि मिनिटभराच्या आतच ठळक काळा पडतो. उशिराच्या पाळीत सगळं लिव्हर उजळलेलं असताना या गाठी चाळणीच्या भोकांसारख्या दिसतात. साध्या सोनोग्राफीत न दिसलेल्या छोट्या गाठीही तेव्हा वर येतात, म्हणून त्या वेळी अख्ख्या लिव्हरवरून प्रोब फिरवतात.

लिव्हरमध्येच सुरू होणारा कॅन्सर, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, धमनीच्या पाळीत सगळाच्या सगळा पेटतो. काळवंडतो मात्र उशिरा आणि थोडासाच. सिऱ्होसिस (लिव्हर खराब होऊन घट्ट, गाठाळ होणं) किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या माणसांसाठी लाय-रॅड्स ही वर्गवारी वापरतात. गाठ किमान १० मिमीची, धमनीच्या पाळीत सगळी किंवा काही भागात उजळलेली आणि साठ सेकंदांनंतर सौम्य काळवंडलेली असेल, तर ती एलआर-५ मध्ये जाते. तिथे निदान इतकं खात्रीचं मानतात की बहुधा बायोप्सीशिवाय उपचार ठरवता येतात. साठ सेकंदांच्या आत काळी पडली, किंवा कडेनेच अंगठीसारखी उजळली, तर ती एलआर-एम. म्हणजे कॅन्सरची शक्यता दाट आहे, पण तो नेमका याच जातीचा असेल असं नाही.

सिऱ्होसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी यांपैकी काहीच नसलेल्या माणसाला हे नियम लावू नयेत. रिपोर्टमध्ये लाय-रॅड्सचा आकडा दिसला आणि तुमचं लिव्हर निरोगी असेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

इतकं स्पष्ट असेल तर चूक होतच नाही का?

होते. ॲडिनोमा नावाची साधी गाठ कधी कधी काळवंडते. फार हळू वाढणारा लिव्हरचा कॅन्सर कधी काळवंडतच नाही. पू झालेली गाठ कडेने आणि आतल्या पडद्यांत उजळते, मधला पू काळाच राहतो आणि दुरून ती कॅन्सरसारखी भासते. अशा वेळी ताप आहे का, रक्तात काय आलं, हे विचारल्याशिवाय रिपोर्ट लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटही होतं, आणि ते चांगलं असतं. फॅटी लिव्हरमध्ये चरबी न साठलेला एखादा तुकडा साध्या सोनोग्राफीत काळ्या गाठीसारखा दिसतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो बाकीच्या लिव्हरबरोबर उजळतो आणि बरोबरच मावळतो. म्हणजे गाठ नव्हतीच. ही बातमी मी टेबलावरच सांगून टाकतो.

लिव्हर सोडून आणखी कुठे उपयोग होतो?

किडनीत फार चांगला. बुडबुडे लघवीतून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे किडनीवर भार येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी मंदावलेल्या, किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसाला सीटीचं औषध देताना हात आखडता घ्यावा लागतो. इथे ती अडचण नाही. पाण्याच्या गाठीत जाड पडदे असतील, आत काहीतरी भरीव वाटत असेल, तर त्यात रक्त आहे का हे पाहणं हाच प्रश्न असतो. जुनं गोठलेलं रक्त उजळत नाही, जिवंत मांस उजळतं. मात्र ही तपासणी इतकी संवेदनशील आहे की गाठीतल्या पडद्यात एकेक बुडबुडा सरकतानाही दिसतो. त्यामुळे सीटीत किरकोळ वाटलेली गाठ इथे एक पायरी वरची ठरू शकते. म्हणून घाबरून जाऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. किडनीचा काही भाग नुसता फुगीर असेल आणि तो शेजाऱ्यासारखाच उजळत असेल, तर ती गाठ नाही, घडण आहे.

पित्ताशयात घट्ट गाळ साचला की तो गाठीसारखा दिसतो. गाळ उजळत नाही, गाठ उजळते. प्रश्न मिनिटभरात सुटतो.

स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर आजूबाजूपेक्षा फिका राहतो, न्यूरोएंडोक्राइन गाठ (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची) उलट झगझगते. पण स्वादुपिंड पोटात खोल, पुढे जठरातला गॅस, त्यामुळे बाहेरून दरवेळी नीट दिसतंच असं नाही. एंडोस्कोपीतून आतून सोनोग्राफी करतानाही हेच औषध देता येतं.

प्लीहेत रक्तपुरवठा बंद पडलेला भाग काळा पाचरीसारखा दिसतो. पोटाला मार लागून प्लीहा किंवा लिव्हर फाटलं असेल तर उजळलेल्या अवयवात काळी भेग उमटते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णात, विशेषतः मुलांत, पुढची देखरेख अशी करता येते. लघवीची नळी फाटली आहे का, हे मात्र यात कळत नाही, कारण बुडबुडे लघवीत उतरतच नाहीत. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात आतड्याच्या भिंतीत किती रक्त खेळतंय यावरून सूज कितपत जागी आहे याचा अंदाज येतो.

तपासणी नक्की कशी होते?

पोटाच्या सोनोग्राफीसारखं काही तास उपाशी यायला सांगतात, म्हणजे गॅस कमी आणि पित्ताशय भरलेलं राहतं. आधी साधी सोनोग्राफी करून गाठ शोधायची आणि कोणत्या बाजूने ती स्थिर दिसते ते ठरवायचं. मग हातात सुई.

औषध कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं. त्यात ५ मिली सलाईन घालून २० सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं पांढरं पाणी तयार होतं. ते सहा तासांत वापरायचं आणि थोडा वेळ पडून राहिलं तर पुन्हा हलवून घ्यायचं, कारण बुडबुडे वर तरंगतात. इंजेक्शन आणि मागोमाग सलाईन, त्याच क्षणी घड्याळ सुरू. सुई फार बारीक असली तर दाबाने बुडबुडे वाटेतच फुटतात. सुरुवातीच्या दिवसांत एकदा माझा पडदा असाच काळाच्या काळा राहिला. मी मशीनला दोष देत होतो, दोष होता शिरेतल्या बारीक सुईत. तेव्हापासून सुई मी स्वतः बघतो.

पहिलं मिनिट प्रोब गाठीवरून हलवत नाहीत. नंतर अधूनमधून बघतात, कारण सतत आवाज सोडला की बुडबुडे झिजतात. दोन गाठी असतील तर दुसऱ्यांदा इंजेक्शन लागू शकतं. सगळं मिळून अर्धा तास धरा.

दुखतं का?

सुई टोचते तेवढंच.

औषधाचा त्रास होतो का?

क्वचित. डोकं दुखणं, मळमळ, सुईच्या जागी गरम वाटणं असं कधी कधी होतं आणि थोड्या वेळात जातं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका मोठ्या पाहणीत पोटाच्या २३,१८८ तपासण्यांचा आढावा घेतला होता. त्यात गंभीर त्रास दोन जणांना झाला, मृत्यू एकही नाही. तरी गंभीर ॲलर्जी अशक्य नाही. त्यामुळे ही तपासणी जिथे तातडीची औषधं आणि ती वापरणारी माणसं हजर असतात तिथेच करायची. नंतर अर्धा तास बसायला सांगतात ते यासाठीच. घाई असली तरी बसा.

आयोडीनची ॲलर्जी असेल तरी ही तपासणी चालते, कारण यात आयोडीन नसतं. पण सोनोव्ह्यूमध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायला देतात त्या काही पावडरींत हेच द्रव्य असतं. अशी पावडर प्यायल्यावर अंगावर गांध्या उठल्या किंवा दम लागला असेल, तर ते आधी सांगा. हे विचारायचं राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कुणी करू नये?

याच औषधाची ॲलर्जी आधी झालेल्यांनी नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीचं दुखणं वाढत चाललेलं, फुप्फुसातला रक्तदाब खूप वाढलेला, रक्तदाब आटोक्यात नसलेला किंवा श्वासाचा गंभीर आजार असलेला माणूस असेल, तर डॉक्टर आधी तोलून बघतात. गरोदरपणात सहसा टाळतात. फारच गरज पडली तर तज्ज्ञ निर्णय घेतात.

मुलांना देता येतं. लिव्हरच्या गाठींसाठी अमेरिकेतली मान्यता मुलांनाही लागू आहे. लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते का, हे पाहायलाही हे औषध वापरतात. तेव्हा ते शिरेतून नाही, नळीने मूत्राशयात सोडतात. लहान मुलाला एक्स-रेचे किरण न देता उत्तर मिळतं आणि पालकांचा जीव भांड्यात पडतो.

औषध शरीरातून बाहेर कसं जातं?

श्वासातून. बुडबुडा फुटला की वायू फुप्फुसातून बाहेर पडतो. पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा गेलेला असतो. कवच शरीरातल्या चरबीसारखंच असतं, लिव्हर ते पचवतं. सोनाझॉइड हे बुडबुड्यांचं दुसरं औषध जपानमध्ये २००७ पासून वापरात आहे. त्याचे बुडबुडे लिव्हरमधल्या कुप्फर पेशी गिळतात, म्हणून ते लिव्हरमध्ये जास्त वेळ चमकतात आणि दहा मिनिटांनंतरही गाठी शोधता येतात.

मग सीटी आणि एमआरआय लागणारच नाहीत?

लागतात, आणि "आता सीटीची गरज नाही" असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी एका ठरलेल्या गाठीबद्दलच्या ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर देते. कॅन्सर शरीरभर कुठवर पसरला, हे ती सांगू शकत नाही. धमनीची पाळी अर्ध्या मिनिटाची असते आणि तेवढ्यात प्रोब एकाच जागी असतो.

आणखी अडचणी सोनोग्राफीच्या नेहमीच्याच. साध्या सोनोग्राफीत गाठ दिसली नाही तर कॉन्ट्रास्टमध्ये ती पकडणं अवघड. जाड पोट, आतड्यातला गॅस, खूप चरबी साठलेलं लिव्हर, छातीच्या पडद्याखाली लपलेली गाठ, १० ते १२ सेंटीमीटरपेक्षा जास्त खोली, यापैकी काहीही आडवं येऊ शकतं. आणि करणाऱ्याचा हात आणि डोळा. मशीन भारी असून भागत नाही.

बायोप्सी टळते का?

हिमॅन्जिओमा, एफएनएच किंवा एलआर-५ चं चित्र स्वच्छ दिसलं तर बहुधा टळते. नाहीतर निदान नेम तरी सुधारतो. गाठीचा मधला भाग सडलेला असेल तर तिथे रक्त नसतं. तिथला तुकडा घेतला तर पॅथॉलॉजिस्टला मेलेल्या पेशी मिळतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. उजळलेला भाग बघून सुई घातली की ते टळतं. गाठ सुईने जाळल्यानंतर काही जिवंत उरलंय का, हेही असंच बघतात. उरलेला तुकडा काळ्या खळग्याच्या कडेला चमकतो आणि लागलीच पुन्हा जाळता येतो.

तपासणीला येताना काय आणावं?

जुन्या सगळ्या तपासण्या. नुसते रिपोर्ट नकोत, फिल्म किंवा सीडीसुद्धा. पाच वर्षांपूर्वीच्या सीडीत तीच गाठ तेवढ्याच आकाराची दिसली तर निम्मं काम तिथेच होतं. हिपॅटायटिसच्या रक्ततपासण्या, आधी कुठला कॅन्सर झाला असेल तर त्याची कागदपत्रं आणि चालू औषधांची यादी आणा. पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नेमका प्रश्न लिहून घ्या. नुसतं "कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, पोट" असं लिहिलेली चिठ्ठी आली की मला आधी फोन करावा लागतो. "उजव्या लोबमध्ये १८ मिमीची गाठ, सिऱ्होसिस नाही, हिमॅन्जिओमा आहे का?" असं लिहिलेलं असेल तर प्रोब कुठे धरायचा आणि कोणत्या सेकंदाची वाट बघायची, हे सुई टोचण्याआधीच ठरलेलं असतं.